मुंबई टांकसाळीचे स्मारक नाण्यांचे संच : प्रूफ घ्यावा की यूएनसी, आणि पैसे खरंच वाढतात का?

भारतातल्या स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४ मध्ये झाली. त्या वर्षी पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ ५० पैसे आणि १ रुपयाचं नाणं निघालं. १९६९ मध्ये गांधी शताब्दीचं १० रुपयांचं चांदीचं नाणं आलं. वजन १५ ग्रॅम आणि चांदी ८० टक्के. त्यानंतर आजपर्यंत शेकडो विषयांवर नाणी निघाली आणि त्यांतली मोठी, संग्राहकांसाठीची नाणी सरकारी टांकसाळी खोक्यात घालून संच म्हणून विकतात. भारतात अशा चार टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. २००६ पासून त्या सगळ्या केंद्र सरकारच्या एकाच महामंडळाखाली (एसपीएमसीआयएल) आहेत. इथे मुख्यतः फोर्टातल्या, रिझर्व्ह बँकेसमोरच्या मुंबई टांकसाळीच्या संचांबद्दल लिहिलं आहे.

आधी निकाल. वस्तू म्हणून प्रूफ संच (आरशासारख्या चकाकीच्या नाण्यांचा) उत्तम आहे. संग्रहासाठी जरूर घ्यावा, पण मूळ किमतीला आणि बुकिंग चालू असतानाच. चांदीतली गुंतवणूक म्हणून घेऊ नये. यूएनसी संच (नेहमीच्या साच्यातल्या, चलनात न गेलेल्या नाण्यांचा) हा शहाण्या माणसाचा पर्याय आहे, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत. कारणं पुढे आहेत.

संचात नेमकं काय मिळतं

साधारणपणे एक मोठं नाणं असतं आणि त्याच विषयाचं ५ किंवा १० रुपयांचं छोटं नाणं सोबत येतं. नुसत्या मोठ्या नाण्याचा संचही निघतो. मोठ्या नाण्याचा ठरलेला साचा असा : व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० दाते. धातू चार धातूंचं मिश्रण, म्हणजे चांदी ५० टक्के, तांबं ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के. शुद्ध चांदी १७.५ ग्रॅम झाली. नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं (२८ मे २०२३) याच मापाचं आहे.

नवखे संग्राहक इथेच फसतात. नाण्यावरचा आकडा बहुतेक वेळा वर्धापनाचा असतो, चांदीशी त्याचा संबंध नसतो. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचं १२५ रुपयांचं नाणं (२०१५), गुरू गोविंदसिंगांचं ३५० रुपयांचं आणि गुरू नानकांचं ५५० रुपयांचं नाणं, या तिन्हींत चांदी सारखीच आहे. ‘५५० चं आहे म्हणून महाग’ असं कुणी दुकानदार सांगू लागला, तर त्याला राजपत्रातली धातूची ओळ दाखवायला सांगा. वेगळ्या मिश्रणाची नाणी आहेत, नाही असं नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं १००० रुपयांचं नाणं (२०१०) ८० टक्के चांदीचं आहे. म्हणून प्रत्येक नाण्याची राजपत्रातली अधिसूचना उतरवून संचासोबत ठेवावी. तिच्यात आकार, व्यास, दाते, धातू आणि दोन्ही बाजूंच्या चित्राचं वर्णन असतं. नाण्याची खरी जन्मपत्रिका तीच, आणि ती फुकट मिळते.

प्रूफ आणि यूएनसी

प्रूफ नाण्यासाठी कोरी चकती आणि साचा दोन्ही आरशासारखे घासलेले असतात. साच्यातला चित्राचा भाग मात्र मुद्दाम धुरकट ठेवतात. एकाच चकतीवर कमी वेगाने, जास्त दाबाने एकाहून अधिक वेळा ठोका पडतो. त्यामुळे पार्श्वभूमीत तोंड दिसतं आणि चित्र दुधी, उठावदार दिसतं. यूएनसी म्हणजे चलनात न गेलेलं नाणं. साचा नेहमीचा, ठोका एकच, पृष्ठभागावर रेशमी चकाकी. नाण्यांचा एकमेकांना लागून पडलेला बारीक ओरखडा यूएनसीत चालतो, प्रूफमध्ये तो दोष धरला जातो.

ओळखायची आणखी एक खूण म्हणजे सालाखालचं टांकसाळीचं चिन्ह. मुंबईच्या साध्या नाण्यांवर चौकट (पत्त्यांतली असते तशी) असते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी ‘बी’ असे, १९९६ पासून ‘एम’ येतं. हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याला चिन्हच नाही. दुय्यम बाजारात प्रूफच्या खोक्यात यूएनसी नाणं बसवून विकण्याचा प्रकार चालतो. खोकं खरं, नाणंही खरं, फक्त जोडी खोटी. ‘मुंबई प्रूफ’ लिहिलेल्या फोल्डरमधल्या नाण्यावर चौकट दिसली, तर विक्रेत्याला आधी त्याचा खुलासा विचारावा.

दिसायला प्रूफला तोड नाही. पण ५० टक्के चांदी आणि ४० टक्के तांबं ही जोडी हवेला फार लवकर दाद देते. चांदीला गंधक लागलं की ती पिवळी, मग तपकिरी, मग काळी पडते. तांब्यावर ओलाव्याने डाग उठतात. आरशावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपकाही हातभरावरून दिसतो आणि भाव तिथेच पडतो. यूएनसीच्या रेशमी पृष्ठभागावर तोच ठिपका लपतो, सगळीकडे सारखी सोनेरी झाक आली तर कित्येकांना ती आवडतेही. समुद्राजवळ राहणाऱ्याने कोरडा डबा सांभाळायची तयारी नसेल तर यूएनसी घ्यावा. नागपूर, सोलापूर, जळगावकडच्या कोरड्या हवेत प्रूफ सांभाळणं तुलनेने सोपं जातं.

बुकिंग

संच महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. प्रत्येक टांकसाळीची यादी वेगळी असते, म्हणून नाणं कुठल्या टांकसाळीने पाडलं आहे ते आधी बघावं. मुंबईच्या यादीत दिसलं नाही म्हणून संपलं असं होत नाही. बुकिंग ठरावीक काळ चालू राहतं. पैसे आधी भरायचे आणि संच मागाहून पार्सलने येतो. हे ‘मागाहून’ महिन्यांत मोजावं. वाढदिवसाला किंवा लग्नात भेट द्यायला संच हवा असेल तर हातात असलेलाच घ्यावा, बुकिंगवर भरवसा ठेवू नये. ही या सेवेची सगळ्यांत लंगडी बाजू आहे. एवढं सुबक नाणं पाडणाऱ्या संस्थेने ग्राहकाला पाठवणीचा पक्का दिवस सांगायला हवा.

दुसरी उणीव जास्त गंभीर. बहुतेक खोक्यांवर एकूण किती संच काढले याचा आकडा नसतो, अनुक्रमांकही नसतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या टांकसाळी संग्राहक नाण्यांची कमाल संख्या जाहीर करतात आणि त्यामुळे दुर्मीळपणाला काही आधार मिळतो. आपल्याकडे ‘फक्त इतकेच निघालेत’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून येतं. त्याला कागद नसेल तर त्या वाक्याचे पैसे देऊ नयेत.

पार्सल आलं की फोडताना सलग व्हिडिओ काढा : सीलबंद खोकं, फोडणं, दोन्ही बाजूंनी नाणं, कडा. मग खिडकीच्या उजेडात नाही, तर एका दिव्याखाली, खोकं तिरकं धरून सावकाश फिरवा. काय बघायचं? दुधी डाग (चकती धुतल्यावर राहिलेल्या रसायनाचे, ते निघत नाहीत), काळे ठिपके, आरशावर केसासारख्या रेघा, नाणं ज्यात बसवलेलं असतं त्या प्लास्टिकच्या डबीला तडा, आणि नाणं डबीत खुळखुळतं का. खुळखुळणारं नाणं प्रवासात स्वतःचीच कड घासतं. दोष दिसला तर त्याच दिवशी, डबी न उघडता, फोटोसह लेखी कळवा. डबी एकदा उघडली की दोष तुमचा की टांकसाळीचा हे सिद्ध करणं अवघड होतं.

पैशांचा हिशेब

समजा, संच ६,००० रुपयांना घेतला आणि चांदीचा भाव ग्रॅमला १५० रुपये आहे. १७.५ ग्रॅमची चांदी २,६२५ रुपयांची झाली. उरलेले ३,३७५ रुपये कारागिरी, खोकं, कर आणि संग्राहकाची हौस यांचे. आता चांदी दुप्पट झाली, ३०० रुपये ग्रॅम. धातूची किंमत ५,२५०. चांदी दुप्पट होऊनही धातूने खरेदीची किंमत गाठलेली नाही.

शिवाय ती धातूची किंमत हाती येतच नाही. दागिना सराफाकडे मोडीत घालता येतो, नाणं नाही. २०११ च्या नाणे कायद्यात ‘नाणं’ या व्याख्येत स्मारक नाणंही येतं आणि नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुणी सराफ ‘वितळवून देतो’ म्हणाला तर तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. दुसऱ्या टोकाला दर्शनी मूल्य आहे. १२५ चं नाणं व्यवहारात १२५ रुपयांचंच. म्हणजे खाली आधार नाही, वर फक्त दुसऱ्या संग्राहकाची इच्छा आहे. ज्याला चांदीच हवी त्याने शुद्ध चांदीची लगड घ्यावी. ज्याला सरकारी सोनं हवं त्याच्यासाठी २०१५ मध्ये आलेलं अशोकचक्राचं भारतीय सुवर्ण नाणं आहे. त्यावर रुपयांचं मूल्य नसतं, ते सोनं म्हणूनच विकलं जातं.

मग भाव वाढतो तो कशाने? विषयाने, अवस्थेने आणि खोक्याने. विषय म्हणजे ज्याच्यामागे स्वतःचा वाचक, भक्त किंवा अनुयायी वर्ग आहे असा. महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या संचाला सहज गिऱ्हाईक मिळतं. अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीचं ३०० रुपयांचं नाणं (३१ मे २०२५ ला भोपाळला प्रकाशित) चौंडीपासून महेश्वरपर्यंत दोन राज्यांत मागितलं जाईल. याउलट एखाद्या सरकारी खात्याच्या वर्धापनाचं नाणं कितीही देखणं असलं तरी ते विकत घेणारा माणूस शोधावा लागतो. सत्तरच्या दशकातले अन्न आणि शेतीवरचे संच (१९७० चा ‘सर्वांसाठी अन्न’, १९७३ चा ‘अधिक धान्य पिकवा’ वगैरे) परदेशी संग्राहकही गोळा करतात, कारण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची नाणी हा जगभर एक स्वतंत्र छंद आहे. मूळ फोल्डरसह, डाग नसलेला असा संच मिळाला तर त्याला नव्या तीन संचांपेक्षा प्राधान्य द्यावं.

नाणं निघाल्यावर पहिले काही आठवडे वर्तमानपत्रात बातमी असते, समूहांत फोटो फिरतात आणि दुय्यम बाजारात भाव फुगतो. या लाटेत घेऊ नये. बुकिंग चुकलं असेल तर थांबावं. टांकसाळीने बुकिंगचे संच पाठवायला सुरुवात केली की एकाच वेळी बरेच विक्रेते बाजारात येतात आणि भाव खाली बसतो. पुण्याचं ‘कॉइनेक्स’ किंवा मुंबईतली नाणे प्रदर्शनं ही भाव पाहण्याची चांगली जागा. एकाच संचाचा भाव चार टेबलांवर विचारा, आणि मग त्यातल्या दोघांना ‘हाच संच मी आणला तर काय द्याल?’ हे विचारा. या दोन आकड्यांमधलं अंतर हा तुमचा गुंतवणुकीचा खरा खर्च.

चलनातल्या २, ५ आणि १० रुपयांच्या स्मारक नाण्यांबद्दल एवढंच : शिवाजी महाराजांचं १९९९ चं २ रुपयांचं, लोकमान्यांचं २००७ चं ५ रुपयांचं, वैष्णोदेवीचं २०१२ चं, ही नाणी भरपूर पाडली गेली. जुन्या गल्ल्यात सापडतात. ‘हे नाणं लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला तर तो ठकाचा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. घेणारा कधीही आधी पैसे मागत नाही.

खरं की खोटं

पहिली चाचणी वजन. ०.०१ ग्रॅमचा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. दुसरी व्यास, व्हर्नियरने. तिसरी पाण्याची, आणि ती फक्त सुट्या यूएनसी नाण्यावर करायची. प्रूफला पाणी लावू नये. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. तळाला आणि कडेला टेकता कामा नये, बुडबुडा चिकटलेला नको. काट्यावर जे ग्रॅम दिसतील तेवढं नाण्याचं आकारमान. चार धातूंच्या ३५ ग्रॅमच्या नाण्याला हा आकडा ३.६७ च्या आसपास येतो. तांबं-निकेलवर मुलामा दिलेला असेल तर ३.९, पितळ असेल तर ४.१, लोखंड असेल तर ४.४ च्या पुढे. तंजावरच्या ८० टक्क्यांच्या नाण्याला ३.४५ च्या आसपास. चाचणीनंतर नाणं पुसायचं नाही, मऊ टिश्यूवर ठेवून पाणी टिपू द्यायचं.

रुपयाचं ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. १९८० किंवा १९९० च्या दशकातल्या ‘दुर्मीळ’ नाण्यावर ते दिसलं तर पुढे बोलायची गरज नाही. परदेशातून येणारी काल्पनिक नाणीही बरीच फिरतात. चित्र देवाचं किंवा नेत्याचं, मूल्य ५०० नाहीतर १०००, आणि राजपत्रात त्याचा पत्ताच नाही. सराफाने किंवा बँकेने विकलेला लक्ष्मी-गणपतीचा चांदीचा ‘कॉइन’ हेही नाणं नव्हे. त्यावर अशोकस्तंभ आणि मूल्य नसतं, ते पदक आहे.

जपणूक

टांकसाळीचं खोकं दाखवायला छान, साठवायला कमी चांगलं. लाकडी पेटीतलं आम्ल, मखमल आणि खालचा फोम यांतून निघणारी वाफ वर्षानुवर्षं नाण्याला लागते. लाकडी पेटीसाठी जास्त पैसे मोजणं मला व्यर्थ वाटतं. नाणं डबीसकट खोक्याबाहेर काढून हवाबंद स्वयंपाकघरी डब्यात ठेवावं आणि खोकं वेगळं, कोरडं जपावं, कारण विकताना ते लागतं. पाच लिटरच्या डब्यात ५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत. रंग हिरवट झाला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास तापवा, पूर्ण गार झाल्यावरच परत ठेवा. पावसाळ्यात दर महिन्याला रंग बघावा.

डबीच फुटली तर बदली डबी ४४ मिलिमीटरची, ऍक्रिलिकची. ५ रुपयांच्या जुन्या पितळी रंगाच्या नाण्याला २३ आणि १० रुपयांच्या दुरंगी नाण्याला २७ मिलिमीटरची. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात आणि त्यांतून हिरवा चिकट थर नाण्यावर उतरतो. असा थर यूएनसी नाण्यावर आलाच तर रसायनांच्या दुकानातला शुद्ध ऍसिटोन काचेच्या वाटीत घ्या (नखांचं रिमूव्हर नको), नाणं दहा मिनिटं बुडवा, दुसऱ्या ताज्या ऍसिटोनमध्ये पुन्हा बुडवा, न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी आणि गॅस बंद. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट, सराफाचं चकाकीचं द्रावण, यांपैकी काहीही नाही. नाणं लखलखेल, आणि कुठलाही जाणकार ते ‘धुतलेलं’ म्हणून बाजूला सारेल.

नाणं हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. सुती मोज्यांतून नाणं सटकतं. फक्त कडेने धरावं, खाली टॉवेल पसरावा आणि नाण्यावर वाकून बोलू नये. थुंकीचा सूक्ष्म थेंब काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन वर येतो. कपाटात डांबरगोळ्या असतील तर डबा दुसरीकडे हलवा, त्यांची वाफ प्लास्टिकवर बसते. रबरबँडमध्ये गंधक असतं, तेही डब्याबाहेर. आणि लक्ष्मीपूजनाला संच पाटावर मांडायचा असेल तर डबीसकट मांडा, हळद-कुंकू डबीवर वाहा. पंचामृताने न्हाऊ घातलेलं प्रूफ नाणं परत पहिल्यासारखं करण्याचा कुठलाही उपाय नाही.

परदेशी संस्थांकडून प्रतवारी करून घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. त्यात नाणं मूळ डबीतून काढून सीलबंद प्लास्टिकच्या पट्टीत जातं, म्हणजे संच मोडतो. सत्तरच्या दशकातल्या निर्दोष सुट्या प्रूफ नाण्यासाठी ते योग्य. चालू वर्षाच्या संचासाठी प्रतवारीची फी बहुधा वाढीव भावातून निघत नाही.

प्रत्येक संचासोबत एक लिफाफा ठेवा : टांकसाळीची पावती, पार्सलची पावती, राजपत्राची प्रत, दोन्ही बाजूंचे तारीखवार फोटो आणि बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा पत्त्याचा तुकडा. विकायला बसलात की दुकानदार नाण्याआधी हा लिफाफा मागतो. घरातल्यांसाठी एका कागदावर मराठीत लिहून ठेवा की डब्या उघडायच्या नाहीत, धुवायच्या नाहीत आणि सराफाकडे न्यायच्या नाहीत.